कपाटातले टाळ

गेल्या महिन्यात झोपेच्या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं, की रात्री दिवा मालवण्याआधी दहा मिनिटं तानपुरा लावून नुसतं बसलं तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. तेवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की हा महिना त्यांनाच द्यायचं ठरवलं. त्यांतली चार इथे घेते.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात ३१ वर्षं समाजसेविका होते. ओपीडीच्या बाकावर बसलेल्या रुग्णाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम होतं. आणि गाणं मी नवव्या वर्षापासून शिकले, गिरगावात, आमच्याच चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे.

प्रश्न : माझे मिस्टर ६१ वर्षांचे आहेत. रिटायर झाल्यापासून गप्प गप्प असतात. पहाटे चारला जाग येते, जेवण कमी झालंय, कुणाकडे जायला नको म्हणतात. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले, थोडा फरक आहे. माझे दीर म्हणतात, गोळ्यांची सवय लागेल, त्या बंद करा, दरबारी कानडा ऐकवा आणि विपश्यनेला पाठवा, मुळापासून बरं होईल. मी रोज रात्री मोबाईलवर हीलिंग म्युझिक लावते, ते सकाळपर्यंत चालू असतं. पण हे वैतागतात, उशी कानावर घेतात. याच माणसाने २८ वर्षं सकाळच्या चर्चगेट गाडीत ग्रुपबरोबर भजनं म्हटली. आता टाळ कपाटात आहेत. मी काय करू?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं टाळांचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्याकडे येतेच, पण आधी गोळ्यांचं बोलू, कारण तिथे उशीर चालत नाही.

गोळ्या बंद करू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दोन महिन्यांत थोडा फरक दिसतोय ही चांगली खूण आहे. फरक थोडाच वाटत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. डोस किंवा गोळी बदलता येते. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर त्या निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडल्या की आजार उलटण्याची भीती असते. एकदम तोडल्या तर चक्कर येते, मळमळतं, जीव घाबरा होतो, झोप उडते. मग घरचे म्हणतात, बघा, सवय लागलीच होती! ओपीडीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. ती व्यसनाची सवय नसते. जिना उतरावा तसा डोस पायरीपायरीने कमी करायचा असतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा असतो.

आता दरबारी. हा राग मला फार जवळचा आहे. खर्जातून, म्हणजे अगदी खालच्या सुरांतून, वर येताना त्यातला कोमल गंधार हा स्वर जो हलतो, तो ऐकून माझ्या पोटात आजही काहीतरी होतं. पण अमक्या आजारावर तमका राग, अशी यादी कुणी पुढे केली की मला कुमार गंधर्व आठवतात. ऐन तारुण्यात त्यांना क्षय झाला. १९४८ साली ते कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला गेले. गाणं बंद, पाचेक वर्षं बंद. ते उठले ते स्ट्रेप्टोमायसिनमुळे, त्या काळात नव्याने आलेल्या औषधामुळे. ज्यांच्या गळ्यात सगळे राग होते, त्यांनाही औषध लागलं. मात्र त्याच अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, मनात साठवली, आणि पुढे त्यातूनच त्यांचे नवे राग आले. औषधाने फुप्फुस सावरलं आणि त्या गाण्यांनी ती वर्षं रिकामी जाऊ दिली नाहीत. तुमच्या घरात मला दोन्ही हवंय.

दोन्ही मिळून फायदा होतो, याला अभ्यासाचाही आधार आहे. नैराश्यावरच्या संगीतोपचाराच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१७ साली आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली, तर नुसत्या उपचारांपेक्षा निदान पहिल्या काही महिन्यांत जास्त फरक पडतो, असं त्यात दिसलं. पण तो संगीतोपचार म्हणजे शिकलेल्या माणसाबरोबर बसून गाणं, वाजवणं, ऐकणं आणि त्यावर बोलणं. उशाशी मोबाईल चालू ठेवण्याची गोष्ट त्यात नाही.

तो रात्रीचा मोबाईल आजपासून बंद करा. तुमचा हेतू मला कळतो. काहीतरी करत राहिल्याशिवाय आपल्यालाच झोप येत नाही. पण लुचानो बर्नार्डी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी काही जणांना वेगवेगळ्या चालींचं संगीत ऐकवून त्यांचे श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजले होते. २००६ साली ते छापून आलं. शरीर सर्वांत निवांत कधी झालं, तर मध्ये दोन मिनिटं सगळं थांबवलं तेव्हा. माझ्या गाण्याच्या बाई म्हणायच्या, ‘दोन आवर्तनं सोड, लगेच भरू नकोस.’ म्हणजे तालाच्या दोन फेऱ्या रिकाम्या जाऊ दे. ते मला गाण्यापुरतं वाटायचं. तुमच्या मिस्टरांना रात्रभरात ती सुटलेली आवर्तनं मिळतच नाहीत. ऐकवायचंच असेल तर संध्याकाळी वीस मिनिटं, त्यांनी निवडलेलं, आणि मग शांतता.

विपश्यना आत्ता नको. दहा दिवस मौन, फोन नाही, वाचन नाही, पहाटे चारला उठून दिवसभर स्वतःच्या मनाबरोबर बसणं. ज्याचं मन आधीच त्याला पहाटे चारला उठवून छळतंय, त्याला हे फार जड जाऊ शकतं. हे मी साधनेविरुद्ध बोलत नाही. त्या केंद्रांच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल आणि चालू औषधांबद्दल विचारतात, आणि ही साधना वैद्यकीय उपचारांची जागा घेत नाही असं तेही सांगतात. ती माहिती लपवून पाठवू नका. ही केंद्रं ज्यांनी सुरू केली ते खुद्द गोएंका गुरुजी १९५५ साली ब्रह्मदेशात आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, ते अर्धशिशीला कंटाळून. दुखणं बरं करायला येणार असाल तर येऊ नका, असं गुरूंनी त्यांना आधीच सांगितलं होतं, हे गुरुजी स्वतः सांगायचे. दिरांना ही गोष्ट जरूर सांगा. मिस्टर सावरले आणि डॉक्टर हो म्हणाले, की वर्षाभराने विचार करा. तोवर कधी दुपारी दोघं मिळून खाडी ओलांडून गोराईच्या पॅगोड्यात जाऊन या, सावलीत बसा, परत या.

आता ते टाळ.

ताई, २८ वर्षं रोज सकाळी तासभर हा माणूस गात होता. ठरलेला डबा, ठरलेली जागा, टाळ पिशवीतून काढणारा एक, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरणारा दुसरा. एक दिवस गेला नाही तर संध्याकाळपर्यंत चार जण विचारणार. दसऱ्याला डबा सजवायचा, पूजा करायची, पेढे वाटायचे. रिटायरमेंटच्या दिवशी ऑफिसने शाल-श्रीफळ दिलं असेल, पण हा ग्रुप सुटला त्याचा निरोप कुणी दिला नसेल. नोकरीइतकंच, कदाचित थोडं जास्तच, त्यांचं ते गेलंय.

आणि ते शरीराचंही औषध होतं. भजनाची एक ओळ एका श्वासात म्हणायची, मागच्यांनी उचलली की श्वास भरून घ्यायचा. याने श्वास आपोआप लांबतो, विशेषतः सोडताना, आणि श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. याच बर्नार्डींनी २००१ साली दाखवलं होतं, की ख्रिस्ती जपमाळ म्हणताना काय किंवा ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणताना काय, माणसाचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली चालते. तुमचे मिस्टर हे ध्यान मालाड-अंधेरीच्या गर्दीत रोज करत होते, त्याला ध्यान न म्हणता.

म्हणून माझं सांगणं असं. टाळ कपाटातून काढा, पुसा आणि बाहेरच्या टेबलावर ठेवा. ‘वाजवा ना’ म्हणू नका. ग्रुपमधल्या एखाद्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये असेलच. त्याला तुम्ही फोन करा, खरी परिस्थिती सांगा आणि घरी चहाला बोलवा. एकट्यालाच, सगळ्यांना नको. मग एखाद्या सकाळी दोघं स्टेशनवर जा. पहिल्या दिवशी नुसती गाडी बघून आलात तरी चालेल. दुसऱ्या खेपेला दादरपर्यंत बसा आणि परत या. मन तयार झाल्यावर जाऊ, असं म्हणत थांबलं तर या आजारात मन तयारच होत नाही. आधी पाय उचलायचे, मन मागून येतं. डॉक्टर याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात आणि ही मान्य उपचारपद्धती आहे. गाडीची धावपळ आता झेपत नसेल तर बोरिवलीत भजनी मंडळं भरपूर आहेत. पण पहिली हाक जुन्या डब्यातून आलेली बरी.

एक गोष्ट मात्र कानाआड करू नका. ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलले तर थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी २१ वर्षांचा आहे. भायखळ्याला एका खोलीत आम्ही पाच जण राहतो. परीक्षेचं टेन्शन आहे म्हणून ॲपवरून ध्यान सुरू केलं. डोळे मिटून श्वासाकडे बघायला लागलो की छातीत धडधडतं, श्वास अडकल्यासारखा होतो, घाम येतो. मित्र म्हणतात, चिकाटी हवी. माझ्यात काही बिघाड आहे का?

उत्तर : नाही रे, बिघाड नाही. असं बऱ्याच जणांना होतं. ज्याला आधीच काळजीने धडधडतंय, त्याने डोळे मिटून त्याच छातीकडे लक्ष लावलं तर ती धडधड मोठी ऐकू येणारच. मग ती ऐकून आणखी घाबरायला होतं. इथे चिकाटी कामाची नाही. ते ॲप सध्या बंद कर.

डोळे उघडे ठेव आणि लक्ष शरीराबाहेर ने. खोलीत पाच जण राहता असं तू लिहिलंयस, म्हणजे शांतता नसणारच. मग आवाजच घे. भिंतीला टेकून बस आणि तीन मिनिटं मोज, किती आवाज येतात. पंखा, शेजारचा कुकर, खालचा भंगारवाला, लांबून गाडीचा भोंगा. चांगला आवाज, वाईट आवाज असं ठरवू नकोस. आला, गेला, पुढचा. मी चाळीच्या गॅलरीत बसून रियाज करायचे तेव्हा खाली नळावर भांडणं चालू असायची. बाई दार लावू द्यायच्या नाहीत. ‘तेही ऐक आणि तुझा सा पण ऐक,’ म्हणायच्या.

दुसरं, गुणगुण. गाणारे पहाटे खर्ज लावतात, म्हणजे गळ्याला सोसेल तेवढा खालचा स्वर लांबवर धरतात. तुला सूर आहे की नाही हा प्रश्नच नाही. तोंड मिटून, हलक्या आवाजात ‘म्’ धर, श्वास संपेपर्यंत, ताण न देता. मग श्वास आपला आपण आत येऊ दे. असं आठ-दहा वेळा. श्वासाकडे बघायचं नाही, आवाजाकडे लक्ष ठेवायचं; श्वास त्याच्या मागे मागे सावकाश होतो. खोलीत लाज वाटत असेल तर गच्चीवर जा, नाहीतर चालत्या लोकलमध्ये दारापासून आत उभा राहून कर. तिथे कुणाला ऐकूही येणार नाही.

ध्यान सोडल्यावरही अशी धडधड अवचित येत राहिली, झोपेतून उठवू लागली, किंवा डोळे मिटल्यावर जुनं, अंगावर आलेलं काही समोर येत असेल, तर ते एकट्याने सोसू नकोस. तुझ्या जवळ नायर आहे, परळला केईएम आहे. दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि जे मला लिहिलंस तेच तिथे सांगायचं. ते आधी थायरॉईड, रक्त, हृदय तपासायला सांगतील, ते करून घे. आणि दिवसाचे चहा मोज. परीक्षेच्या दिवसांत ते आठ-आठ होतात.

प्रश्न : ४३२ आणि ५२८ हर्ट्झचं संगीत ऐकलं की पेशी दुरुस्त होतात, चिंता जाते असं सांगणारा ऑनलाइन कोर्स आहे. फी साडेसात हजार. घ्यावा का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : घेऊ नये. पाश्चात्त्य वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून त्यांच्याकडे ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना, लावायचा असा संकेत ठरला आहे. तो ४३२ ला लावला तर सगळं किंचित उतरतं, एवढंच. आपल्याकडे तर षड्ज, म्हणजे सा, ठरलेलाच नाही. पेटीवर पुरुष काळी एक पट्टी धरतो, बाई काळी चार धरते, ज्याच्या-त्याच्या गळ्याप्रमाणे. माझाच सा तरुणपणी काळी चार होता, आता पांढरी चारवर आलाय. आकड्यात औषध असतं तर उतारवयात माझा यमन कुचकामी ठरायला हवा होता. तसं झालेलं नाही. उलट आता तो जास्त निववतो. या साडेसात हजारांत चेंबूरमध्ये कुणा शिक्षकाकडे काही महिने प्रत्यक्ष शिका. समोर बसून कुणीतरी तुमचा स्वर ऐकतं, चुकला तर थांबवतं, लागला तर मान डोलावतं. चिंतेच्या माणसाला त्याची फार गरज असते.

प्रश्न : आई ७४ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी डाव्या मेंदूत स्ट्रोक झाला. उजवी बाजू लुळी आहे, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द येत नाही, चिडते, रडते. परवा शेजारी आरती चालू होती तर ती पूर्ण आरती शब्दांसकट म्हणाली! आम्ही थक्क झालो. ती परत बोलू लागेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझी आई दिसली. तिलाही असाच झटका आला होता. ‘पाणी’ म्हणता यायचं नाही, आणि गणपतीत ती टाळ्या वाजवत आरत्यांमागून आरत्या म्हणाली. आम्ही रडलो. आणि मग आम्ही एक चूक केली, ती तुम्ही करू नये म्हणून लिहिते. जो भेटायला येईल त्याच्यासमोर आम्ही तिला गायला लावलं. ‘आई, म्हणून दाखव ना.’ आठवड्याभरात तिने तोंड मिटलं. मी इतरांच्या घरच्यांना रोज शहाणपण सांगणारी, आणि मला आईच्या चेहऱ्यावरचं कळलं नाही. तिला आम्ही खेळणं केलं होतं. पुढचे दोन महिने ती गायली नाही.

हे होतं कसं ते सांगते. बोलण्याची मुख्य जागा बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते. सुराच्या कामात उजवा मेंदूही मोठा वाटा उचलतो. आणि आरती लहानपणापासून इतकी घोटलेली असते, की तिचे शब्द जुळवावे लागत नाहीत, चालीबरोबर येतात. यावरून १९७३ मध्ये अमेरिकेत एक पद्धत निघाली, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. रोजच्या उपयोगाचा छोटा शब्द दोन स्वरांत, एक खाली एक वर, गायल्यासारखा म्हणायचा आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर ठेका द्यायचा. हळूहळू चाल कमी करत बोलण्याकडे यायचं. नुसती आरती म्हणून बोलणं परत येत नाही. हे शिकवावं लागतं, म्हणून स्पीच थेरपिस्ट हवाच. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा. आम्हाला एका ठिकाणी ‘या वयात आता काय बोलणार’ असं सांगून परत पाठवलं होतं. तुम्हाला कुणी तसं म्हणालं तर दुसरं दार ठोठवा. चार महिने म्हणजे उशीर झालेला नाही. किती परत येईल हे तुमचे न्यूरॉलॉजिस्टच तपासून सांगू शकतील.

तोवर घरी रोज तासभर आईच्या आवडीचं लावा, तिने मानेने निवडलेलं. हेलसिंकीत स्ट्रोकच्या रुग्णांनी पहिले दोन महिने रोज स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकलं, तेव्हा त्यांची शब्दांची स्मृती आणि लक्ष इतरांपेक्षा जास्त सुधारलं आणि उदासी कमी राहिली. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. आई सारखी रडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्ट्रोकनंतर नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्यावर औषध असतं. तुम्ही रात्री किती वेळ झोपता ते लिहिलेलं नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळ दुसऱ्या कुणाला तरी आईजवळ बसवा आणि चौपाटीवर जाऊन या.

गाताना तिच्याबरोबर गा, तिच्याकडे बघत बसू नका. आणि थेरपिस्ट पहिला शब्द विचारतील तेव्हा तो तुम्ही ठरवू नका. आम्ही महिनाभर ‘पाणी’ घोकत होतो. एका दुपारी थेरपिस्टबाईंनी कप, पेला, पंखा, खिडकी अशी चित्रं आईपुढे मांडली. आईने कपावर बोट ठेवलं. तिचा पहिला शब्द ‘चहा’ होता, दोन स्वरांत.